पुढे चमक, मागे ताकद

परभणीहून वसमतकडे निघाले की वाटेत हट्टा लागते. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातले हे गाव. वसमतच्या बाजारात जाणारी हळदीची पोती, कारखान्याकडे निघालेला ऊस, सोयाबीन, कापूस, खत, सिमेंट असा सगळा माल या भागात रस्त्यानेच हलतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. एकीकडे हळदीची काढणी आणि शिजवणी, दुसरीकडे ऊसगाळपाचे शेवटचे दिवस. हंगामभर खड्ड्यांतून धावलेल्या गाड्या याच काळात वेल्डिंगच्या दुकानापुढे येऊन उभ्या राहतात.

मराठवाड्यात रस्त्याकडेच्या या दुकानांत राबणारे हात अनेक समाजांचे आहेत. पांचाळ लोहार आहेत, गाडीलोहार आहेत, शिकलगार आहेत, गॅरेजच्या कामात रुळलेली मुस्लिम कुटुंबे आहेत. त्यांच्यापुढे येणारे एक काम वरून अगदी साधे दिसते. निकल केलेला, आरशासारखा चमकणारा ट्रकचा बंपर तडकलेला असतो. तो जोडून मजबूत करून द्यायचा. मालकाच्या मागण्या दोनच असतात. चमक जाऊ नये आणि बंपर पुन्हा तुटू नये. पण चमक आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्या ठिकाणी राहतात आणि त्यांची गल्लत झाली की नुकसान फक्त बंपरचे होत नाही.

कल्हईसारखा थर

पितळेच्या पातेल्याला कल्हई करताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना बंपरची चमक समजायला वेळ लागत नाही. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो, कथिल लावतो आणि कापसाच्या बोळ्याने एका हातात फिरवतो. काळवंडलेले भांडे चांदीसारखे होते. पण भांडे उभे राहते ते पितळेच्या जोरावर. कथिलाचा थर अन्नाला पितळेपासून वाचवतो, भार पेलत नाही.

बंपरचेही तसेच आहे. आत साधे लोखंड, म्हणजे माइल्ड स्टील. त्यावर अनेकदा तांब्याचा थर, मग निकलचा आणि सगळ्यांत वर क्रोमियमचा. हे थर विजेच्या प्रवाहाने रसायनाच्या हौदात चढवतात. वरचा क्रोमियमचा थर बहुतेक वेळा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस याच्या पन्नास पटींहून जाड असतो. ओरखडे अडवणे आणि निळसर झाक देणे एवढेच या थराचे काम. गंजापासून खरे रक्षण त्याच्या खालचे निकल करते. म्हणून गॅरेजमध्ये क्रोमच्या बंपरला ‘निकल केलेला’ म्हणतात, ते फारसे चुकीचे नाही.

क्रोमियम हे मूलद्रव्य १७९७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लाँ यांनी शोधले. त्याच्या क्षारांचे रंग इतके विविध की ग्रीक भाषेतल्या ‘रंग’ या शब्दावरून त्याला नाव मिळाले. गाड्यांना त्याचा मुलामा देण्याचा व्यवहार अमेरिकेत १९२० च्या दशकात सुरू झाला. भारतात या धातूचे बहुतेक खनिज ओडिशातील सुकिंदा खोऱ्यातून येते.

चमकणारा प्रत्येक बंपर मात्र निकलचा नसतो. काही स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचे असतात, तर नव्या गाड्यांवरचे काही चकचकीत भाग प्लास्टिकचे असतात. जाणता मिस्त्री आधी नखाने टकटक करून बघतो, मग लोहचुंबक लावतो आणि नंतर मागच्या बाजूला गंज आहे का ते पाहतो. मागे तांबूस गंज असेल तर आत साधे लोखंड आहे. चुंबक चिकटत नसेल तर बहुधा स्टेनलेस. हे ठरल्याशिवाय काडी उचलायची नसते, कारण स्टेनलेसला साधे लोखंड जोडायचे तर ३०९ एल जातीची वेगळी काडी लागते आणि प्लास्टिकला वेल्डिंगची काडी लावताच येत नाही.

तडा कुठे जातो

बंपर बहुतेक वेळा धडकेने वाकतो, पण तुटतो तो हादऱ्यांनी. चासीला जिथे ब्रॅकेटचे बोल्ट बसतात, तिथल्या भोकांच्या कडेपासून किंवा एखाद्या काटकोनी कोपऱ्यापासून केसासारखी रेघ सुरू होते. प्रत्येक खड्ड्यात ती किंचित पुढे सरकते. तार वारंवार मागेपुढे वाकवली की तुटते, तोच हा प्रकार. समोरून निकलची चमक तशीच राहते, त्यामुळे चालकाला पत्ता लागत नाही.

या रेघेवरून थेट काडी फिरवली तर जोड काही दिवस टिकतो आणि त्याच्या शेजारी नवा तडा जातो. म्हणून आधी रेघेचे टोक शोधून तिथे ड्रिलने लहान भोक पाडतात. गोल भोकाच्या कडेला ताण पसरतो आणि तडा पुढे धावत नाही. मग ग्राइंडरने रेघेवर ‘व्ही’च्या आकाराची खाच करतात, म्हणजे वितळलेले लोखंड तळापर्यंत उतरते.

त्यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. जोडाच्या दोन्ही बाजूंनी मागचा किमान एकेक इंच भाग घासून नागडे लोखंड उघडे करायचे. निकल, तांबे, रंग, ग्रीस यांतले काहीही टाक्यात मिसळले तर टाका आतून जाळीदार होतो. तांबे तर लोखंडाच्या कणांमधल्या फटींत शिरून टाका गरम असतानाच तडकवू शकते. घाईचा वेल्डर हे घासणे टाळतो. वरून टाका गुळगुळीत दिसतो, आत मात्र तो पोकळ असतो.

लोहाराची धाव आणि वेल्डरचा टाका

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवण्याची रीत जुन्या लोकांना आठवत असेल. चाकापेक्षा किंचित लहान केलेली धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची. ती तापून फुगते. मग ती चाकावर बसवून वर पाणी ओतायचे. थंड होताना लोखंड आकसते आणि साऱ्या आऱ्या आवळून धरते. लोहाराने लोखंडाचे आकसणे असे कामाला लावले होते.

बंपरच्या कामात तेच आकसणे वैरी होते. एका दमात लांब टाका मारला तर थंड होताना पत्रा ओढला जातो आणि सरळ बंपर धनुष्यासारखा वाकतो. शिवाय मागून दिलेली उष्णता पातळ पत्र्यातून पुढे येते आणि चमक आधी पिवळसर, मग निळी पडते, शेवटी पापुद्रा सुटतो. क्रोमवर रंगाचा हात फिरवून हे झाकता येत नाही. सगळा बंपर पुन्हा मुलामा देण्याच्या कारखान्यात पाठवावा लागतो.

म्हणून टाका मागूनच मारायचा आणि तुटक मारायचा. इंच-सव्वा इंचाचा एक टाका, मग थांबायचे, मग दूरच्या टोकाला दुसरा. हात लावता येईल इतके लोखंड निवल्यावर मधला. पुढच्या बाजूला तांब्याची जाड पट्टी दाबून धरली तर ती उष्णता ओढून घेते. तीन मिलिमीटरच्या पत्र्याला अडीच मिलिमीटरची काडी आणि ६० ते ९० अँपिअरचा प्रवाह पुरतो. जाड काडी आणि जास्त करंट लावला तर काम लवकर होते, पण चमक जाते.

काडीवरचा आकडाही बोलका असतो. ६०१३ मधल्या ‘६०’चा अर्थ असा की तिच्या टाक्याची ताणशक्ती दर चौरस इंचाला किमान ६० हजार पौंड आहे. ७०१८ ची त्याहून जास्त, पण ती काडी कोरडी ठेवावी लागते. ओल लागलेली ७०१८ वापरण्यापेक्षा कोरडी ६०१३ बरी.

मजबुतीसाठी मागे काय जोडायचे, हाही प्रश्न आहे. जाड पट्टी मारा, असे मालक सांगतो. आठ फूट लांब, एक फूट रुंद आणि आठ मिलिमीटर जाड पट्टीचे वजन ४५ किलोच्या आसपास भरते. तीन मिलिमीटरची तीच पट्टी १७ किलोची. गंमत अशी की पत्र्याची ताकद जाडीपेक्षा घडीत जास्त असते. वहीचे सपाट पान दोन टोकांना टेकवून ठेवले तर स्वतःच्याच वजनाने झुकते, त्याला पन्हळीसारखी घडी घातली की ते पेन पेलते. तसाच तीन मिलिमीटरचा ‘सी’ आकाराचा चॅनल जाड सपाट पट्टीपेक्षा कमी वाकतो आणि पुढच्या आसावर निम्म्याहून कमी ओझे टाकतो. तो शक्य तिथे वेल्डिंगऐवजी नटबोल्टने बसवला तर निकललाही धक्का लागत नाही.

जोड झाल्यावर घासलेल्या जागी जस्ताचा प्रायमर लावणे सक्तीचे समजावे. निकल आणि लोखंड शेजारी असले आणि पाणी लागले की गंज लोखंडावरच तुटून पडतो. उघडी राहिलेली चार बोटे जागा साध्या लोखंडापेक्षाही लवकर खाल्ली जाते. चॅनलमध्ये पाणी साचू नये म्हणून खाली एक भोकही ठेवावे लागते.

गाडीवरच काम करायचे असेल तर आधी बॅटरीच्या तारा सोडायच्या आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावायचा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकमध्ये इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक पेटीवर चालतो. वेल्डिंगचा प्रवाह भलत्या वाटेने गेला तर ती पेटी जळू शकते. चासीच्या मुख्य दांड्यावर मात्र आपल्या मनाने टाका मारू नये. ते लोखंड खास ताकदीचे असते आणि वेल्डिंगच्या आचेने त्याची ताकद उतरते.

रोजा, तहान आणि धूर

या कामात वेल्डरच्या अंगावर काय येते, ते ग्राहकाला सहसा दिसत नाही. ठिणगीच्या जागी काही हजार अंश उष्णता असते. मुलाम्यावर काडी टेकली की निकल आणि क्रोमियमची वाफ निघते. मुलाम्यातले क्रोमियम धातुरूपात तसे निरुपद्रवी, पण वेल्डिंगच्या आचेत त्याचा काही भाग षट्संयुजी क्रोमियम या विषारी रूपात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे रूप कर्करोगकारक ठरवले आहे. २०१७ मध्ये तिने वेल्डिंगच्या धुरालाच त्या यादीत सर्वांत वरच्या गटात घातले. मागून घासून मगच जोडण्याची रीत म्हणूनच केवळ टाक्यासाठी नाही, छातीसाठीही आहे.

जस्ताचा पत्रा जोडल्यानंतर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, एक-दोन दिवसांत उतरते. वेल्डरांना हा ताप ओळखीचा असतो. त्यावर दूध प्यावे, गूळ खावा, असे जुने सांगणे आहे. दूध आणि गूळ पोटात जातात, धूर फुफ्फुसात. तोंडाला बांधलेल्या रुमालातूनही धुराचे कण सहज पार होतात, कारण त्यांतले बहुतेक एका मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला एन-९५ मास्क इथे रुमालापेक्षा कितीतरी कामाचा. त्याहून मोठा उपाय फुकटचा आहे. काम उघड्यावर करायचे आणि वारा पाठीमागून नव्हे तर बाजूने येईल असे उभे राहायचे.

डोळ्यांचेही तसेच. काच न लावता एखाद-दुसरा टाका मारला तर त्या वेळी काही होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. उन्हाने कातडी भाजते तसा हा डोळ्याचा भाजलेपणा. बटाट्याच्या चकतीने गार वाटते, जखम मात्र आपल्या वेळेने भरते. या कामाला दहा नंबरची काच लागते. हे केवळ वेल्डरने नव्हे, हात लावणाऱ्या पोऱ्याने आणि समोर उभे राहून बघणाऱ्या क्लीनरनेही लक्षात ठेवायचे.

रमजानमध्ये या सगळ्यात तहान मिसळते. सहेरीपासून इफ्तारपर्यंत पाण्याचा थेंब नाही आणि समोर वितळणारे लोखंड. अनुभवी कारागीर दिवसाची मांडणी बदलतात. जोडण्याचे काम सहेरीनंतरच्या गारव्यात, दुपारी मोजमाप, ड्रिल, नटबोल्ट, उरलेले टाके रात्री तरावीहनंतर. कामात नकळत घशात गेलेल्या धुळीने-धुराने रोजा मोडत नाही, असे फिक्हचे जाणकार सांगतात. आणि प्रकृती खरोखर बिघडलीच तर रोजा सोडून तो नंतर भरून काढण्याची मुभा कुरआनानेच दिली आहे. चक्कर येत असताना ग्राइंडर हातात धरणे यात कुठलेही पुण्य नाही. या महिन्यात गाडी उद्याच हवी, असा तगादा लावणाऱ्या मालकानेही एक दिवस जास्त दिला तर काम चांगले होते, हा साधा व्यवहार आहे.

किती मजबूत म्हणजे मजबूत?

बंपर मजबूत करता करता अनेकदा त्याच्या पुढे जाडजूड पाइपांचा गार्ड येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. कारण केवळ कागदी नाही. बंपर वाकतो तेव्हा धडकेचा काही भाग तो स्वतः गिळतो. न वाकणारा गार्ड तो भार एका बाजूने चासीला देतो आणि दुसऱ्या बाजूने समोरच्या माणसाला. समोर पायी चालणारा किंवा मोटारसायकलवाला असेल तर त्याच्याकडे वाकायला दुसरे काही नसते.

म्हणून तुटलेला बंपर मूळ आकारात, मूळ मापात जोडून देणे हे कारागिराचे काम. त्याला हत्यार करणे हे काम नव्हे. जाणत्या वेल्डरने इथे नाही म्हणायला हवे आणि मालकाने ते ऐकायला हवे.

ट्रकवर जिथे खरोखर न वाकणारे लोखंड हवे असते, ती जागा मागे आहे. मालाच्या हौद्याखाली आडवा दांडा असतो. रात्री उभ्या ट्रकवर मागून मोटार आदळली तर ती हौद्याखाली शिरते आणि हौद्याची कड थेट काचेवर येते. हे अडवण्यासाठी तो दांडा असतो. त्यासाठी आयएस १४८१२ हे भारतीय मानक आहे. रिकाम्या गाडीत हा दांडा जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा, असा त्याचा दंडक आहे. रस्त्यावर मात्र हा दांडा वाकलेला, एका ब्रॅकेटवर लोंबणारा किंवा लाल-पांढऱ्या रंगाने सजवलेला पातळ पत्रा एवढाच उरलेला दिसतो. पुढच्या चमकीवर खर्च होतो, मागच्या दांड्यावर रंग. उसाच्या हंगामात अंधारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत ही कंजुषी कुणाच्या तरी घरावर येते.

माप नीट ठेवण्याची शिकवण

कुरआनात ‘अल्-हदीद’ म्हणजे ‘लोखंड’ नावाची एक सूरह आहे. पैगंबर हजरत दाऊद, ज्यांना ख्रिस्ती आणि ज्यू बांधव डेव्हिड म्हणून ओळखतात, त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले, अशी कथा त्याच ग्रंथात येते. त्यांना चिलखते घडवायला सांगितले गेले आणि त्यासोबत सूचना होती ती कड्यांचे माप नीट ठेवण्याची. कडी बारीक झाली तर तुटते, जड झाली तर अंगावरचा माणूसच थकतो. दाऊद राजे असूनही स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, असे हदीसमध्ये आहे. लोखंडाचे काम करणाऱ्याला यातून मिळणारी शिकवण कुठल्याही धर्माच्या कारागिराला परकी नाही. ताकद म्हणजे जास्तीचे लोखंड नव्हे, नेमके लोखंड.

पण नेमके काम महाग पडते, कारण त्याचा वेळ दिसत नाही. अर्धा दिवस मागून घासण्यात, थांबण्यात आणि निवू देण्यात गेलेला असतो. मालक समोरून बघतो, चमक शाबूत आहे म्हणतो आणि मजुरी कापायला बसतो. त्याच पैशात दुसऱ्या दुकानात तासाभरात काम होते. तिथेही बंपर समोरून असाच दिसतो. अशा घासाघिशीतून नेमका कारागीर मागे पडतो आणि घाईचा टिकतो.

यावर एक साधी रीत आहे. काम न्यायला जायचे ते रंग मारण्याआधी. टाका उघडा असताना मागे वाकून बघायचे. टाक्याच्या लाटा एकसारख्या आहेत का, कडेला खाच पडली आहे का, मधे सुईच्या टोकाएवढी भोके आहेत का, शेजारचे लोखंड खरेच उघडे केले होते का. हे बघायला इंजिनिअर असावे लागत नाही. वेल्डरलाही कळते की मागची बाजू बघणारे कोणीतरी आहे. आणि तिथे आलोच आहोत तर ट्रकच्या मागे जाऊन टेपने त्या आडव्या दांड्याची उंची मोजायची. पंचावन्न सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली किंवा दांडा हाताने हलला, तर उरलेले पैसे पुढे न घालता तिथे घालायचे.